चातुर्मासात सोडलेला गहू

मुंबईची माणसं हवा बदलायला लोणावळ्याला यायची आणि मी लोणावळ्यातच राहून आजारी असायची. माहेरी मळवलीला गेले की मात्र आठ-पंधरा दिवसांत खडखडीत बरी. सासरी सगळे म्हणायचे, हिला माहेरची हवा मानवते. मळवली म्हणजे पुढचंच स्टेशन. एका स्टेशनात अशी काय हवा बदलते? पण हे विचारायचं कुणाला! सुनेला माहेरची ओढ असते आणि त्यासाठी ती आजाराचं सोंग आणते, हे शास्त्र सगळ्यांना पाठ होतं.

सोंग म्हणजे काय, तर तोंड सदा आलेलं, पोट टम्म फुगलेलं, आणि सकाळी बोटं अशी सुजायची की कणीक मळताना मूठ वळत नसे. सासरी दोन्ही वेळा पोळी. रेशनवर अमेरिकेचा लाल गहू मिळायचा, तेव्हाचे हे दिवस. माहेरी भाताची शेती, त्यामुळे ताटात भात नाहीतर नाचणीची भाकरी. गहू दिसायचा तो सणावारी. मी पोळीऐवजी भात वाढून घेतला की सासूबाई म्हणायच्या, "खेड्यातली सवय आहे, जाईल हळूहळू." मला त्याचा राग यायचा आणि मी तो भाताबरोबर गिळायची.

माझं मी सोसलंही असतं. पण मुलगी झाली. अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती. उष्टावण झालं आणि सासूबाईंनी गव्हाचं सत्त्व करायला घेतलं. त्यांच्या मायेबद्दल मी कधी शंका घेतली नाही. रेशनचा गहू नातीला नको म्हणून वाण्याकडून निवडक खपली गहू आणायच्या, तीन दिवस भिजत घालायच्या, रोज पाणी बदलायच्या, पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायच्या. वर दुधात कुस्करलेली मऊ पोळी. आणि पोर वाळत चालली. हातपायांच्या काड्या, पोट तेवढं पुढं, दिवसातून कितीदा तरी घाण वासाचे जुलाब. पायातले चांदीचे वाळे गळून पडायला लागले, तेव्हा सासूबाईंनी ते दोऱ्यानं बांधून टाकले. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, सत्त्व वाढवा. सत्त्व वाढलं. पोर आणखी वाळली. घरात कुणालाच यात काही वावगं दिसेना.

उन्हाळ्यात तिला घेऊन माहेरी गेले. आईनं नाचणीची पेज आणि मऊ भात भरवला. जुलाब थांबले. पोर अंगणात कोंबड्यांच्या मागे रांगायला लागली. आई खूश होऊन म्हणाली, "हितं पोर लय हसती बग. हितली हवाच न्यारी!" आईसुद्धा तेच! मी मात्र तिच्या हातातल्या वाटीकडे बघत बसले. माझं आणि पोरीचं दुखणं एकच होतं, आणि ते हवेत नव्हतं.

सासरी जाऊन सांगितलं असतं तर हसले असते. म्हणून मी आषाढी एकादशीपर्यंत वाट पाहिली. चातुर्मासाला आळीतल्या बायका देवळात जमून आपापला नेम सांगायच्या. कुणी कांदा-लसूण सोडायची, कुणी वांगं. सासूबाईंनी चहा सोडला, तेव्हा बायकांनी कोण कौतुक केलं. माझी पाळी आल्यावर मी चारचौघींत मोठ्यानं म्हणाले, "मी गहू सोडला. माझा आणि मुलीचाही."

"तान्ह्या मुलीला कसला नेम?" सासूबाई म्हणाल्या.

"आईनं धरलेला नेम लेकराला लागतोच," मी म्हटलं. असं कुठल्या पोथीत नाही, मला माहीत होतं. सुनेच्या सोंगाचं शास्त्र त्यांनी केलं, हे मी केलं. देवळात बोललेला शब्द त्यांना मोडता येईना.

घरी मात्र वादळ झालं. नवरा म्हणाला, थोडं थोडं देत जा. मी म्हटलं, कणभरही नाही. डॉक्टरांना घरी बोलावलं. "मुलगी दगावली तर जबाबदारी तुमची," ते म्हणाले. "घेतली," मी म्हणाले. तोंडानं म्हणाले खरं, पण त्या दिवसापासून पोर जरा जास्त वेळ झोपली तरी मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची.

आता या दुखण्याला नाव आहे. खूप वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट भाग असतो. ज्याला तो सोसत नाही, त्याचं शरीर आतल्या आत त्याच्याशी भांडत बसतं. आतडं सुजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि ती सूज तोंडात, सांध्यांत, कुठंही डोकं वर काढते. गव्हाशी माझं काही वैर नाही. माझा नवरा जन्मभर पोळ्या खाऊन ठणठणीत राहिला. पण सगळ्यांना मानवतं ते तुलाही मानवलंच पाहिजे, ही जबरदस्ती मला तेव्हाही कबूल नव्हती आणि आजही नाही.

श्रावणात माझ्या बोटांची सूज उतरली. दिवाळीत पोर भिंत धरून चालायला लागली. एका सकाळी सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि वाळ्यांचे दोरे सोडले. दोरे पायात रुतायला लागले होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग आली कार्तिकी द्वादशी. त्या दिवशी नेम सोडायचा आणि जे वर्ज्य केलं होतं तेच पानात वाढून घ्यायचं, ही रीत. सासूबाईंनी पहाटेपासून खपून पुरणपोळ्या केल्या. माझ्या पानात तूप सोडून पोळी वाढली. पोरीला जवळ घेऊन तिच्यासाठी एक घास मोडला. "झाला नेम पुरा. आता देवाचं नाव घे आणि खा."

मी माझी पोळी उचलून नवऱ्याच्या पानात टाकली आणि पोरीच्या तोंडापुढे हात धरला.

"देवासाठी धरला असता तर आज सोडला असता," मी म्हणाले. "हिच्यासाठी धरलाय. हा सुटणार नाही."

जेवायला आलेल्या बायका सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोरीच्या पायांकडे. मग हातातला घास स्वतःच्याच तोंडात टाकला, तो चावून होईपर्यंत कुणाकडे बघितलं नाही आणि मला म्हणाल्या, "बसलीस काय? तिला भात आण."