वहिनीचं नाक

वाइनच्या कारखान्यात ग्लास धुण्यात तिची पंचवीस वर्षं गेली. सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तळघर सांभाळणारा तिचा सख्खा धाकटा दीर, आणि त्याचीच हाक सगळ्यांच्या तोंडी बसलेली. वाइन ती चाखत नसे. पण नाक असं, की तिसऱ्या घरात दूध लागलं तर ही आपल्या ओट्यावरून ओरडायची.

त्या दिवशी दिराचा जीव टांगणीला लागला होता. वीस वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं भरलेल्या लाल वाइनच्या तीनशे बाटल्या तळघरात आडव्या पडून होत्या. आज बाहेरगावचा पारखी ती चाखणार होता. त्यानं मान डोलावली तर बाटल्या बाजारात, नाहीतर मालक सगळ्या व्हिनेगरच्या टाकीत रिकाम्या करणार. धास्तीपायी दिरानं वहिनीलाच लांब ठेवलं. तुमच्या साबणाचा वास नको म्हणाला, नि पाहुण्यांसाठी जपलेले नाजूक ग्लास खोक्यातून काढून कोरड्या फडक्यानं पुसून मोकळा झाला.

पारख्यानं ग्लास गोल हलवला, नाकाशी नेला आणि ओठाला न लावताच खाली ठेवला. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय म्हणाला, वाइन गेली. दिराचं तोंड एवढंसं झालं. मालक व्हिनेगरची टाकी उघडायला सांगायला उठला.

वहिनी दाराशी पदराला हात पुसत उभी होती. ती सरळ आत आली, टेबलावरचा एक रिकामा ग्लास उचलून हुंगला आणि पारख्यापुढे धरला.

"साहेब, यात तर थेंब पडला नाही अजून. बघा बरं."

पारख्यानं हुंगलं. तोच वास.

"भाऊजी, वर्षभर पुठ्ठ्याच्या खोक्यात पालथे पडलेले हे. जेवायच्या ताटालाही असंच फडकं मारता वाटतं?"

तिनं दोन ग्लास कढत पाण्यानं धुतले, त्याच बाटलीतल्या घोटभर वाइननं विसळले आणि मग ओतली. वाइनच्या कडेला मुरल्याची छान विटकरी झाक आली होती. पारख्यानं डोळे मिटले. मनुका, जुनं चामडं, असं काहीबाही पुटपुटत घोट तोंडात घोळवत राहिला. पारखी चाखलेला घोट थुंकून टाकतात, त्यासाठीची बादली पायाशीच होती. बादलीकडे न बघता गडी घोट गिळून बसला आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

मालक हसायला लागला. दीर खुर्चीत टेकला तो उठेचना.

वहिनीनं बादली उचलून आत डोकावून पाहिलं.

"कोरडी ठणठणीत. चला, एक भांडं कमी झालं धुवायचं."