संतोषचा पास

मी काही लेखक नाही, चुकलं तर माफ करा. वसमतकडं हळद शिजायला लागली, की तो वास मला चार वर्षं मागं नेतो. गुडघा दुखावून खेळ सुटल्यावर मी रग्बीचा पंच झालो. पहिलाच सामना माझ्या जुन्या संघाचा होता आणि मैदानाशेजारी हळद शिजत होती.

शेवटच्या मिनिटाला माझा जुना सोबती संतोष यानं हातानं चेंडू पुढं फेकल्यासारखं वाटलं. रग्बीत ते चालत नाही. मी शिट्टी वाजवली. माझा जुना संघ हरला.

"काहून रे? आमच्यातच खेळलास ना तू?" संतोष ओरडला.

तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. मला नीट दिसलं होतं का, हेच आठवत बसायचो. काल आमच्या संघाचे प्रशिक्षक सर भेटले. त्यांनी सांगितलं, सामन्याच्या संध्याकाळीच संतोष त्यांना म्हणाला होता, "सर, पास पुढंच गेल्ता."