नऊ त्रिक सत्ताविसावं राज्य

भाषांतराच्या धंद्यात पैसा साठतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. किस्से मात्र न मागता साठत जातात. आमच्या रविवारच्या बैठकीचे तर इतके साठलेत की स्वामी मॅडम म्हणतात, "वैशाली, गोष्टींचं राहू दे, आपण हेच छापू!"

बैठक म्हणजे आम्ही तीन बायका, तुळजापुरात डॉ. लेनाच्या दवाखान्यामागच्या खोलीत. मी पुण्यात रशियन शिकले आणि आता रशियातून डॉक्टर होऊन आलेल्या पोरांच्या मार्कलिस्टांचं इंग्रजी करून पोट भरते. स्वामी मॅडम इंग्रजीच्या रिटायर्ड शिक्षिका. घरी कन्नड, बाजारात मराठी आणि चिडल्या की इंग्रजी! लेना मूळची रशियाची, सास्तूर गावची सून. मराठी ती सासूबाईंकडून शिकली, त्यामुळं ही गोरीपान डॉक्टरीण पेशंटला विचारते, "लई दुखतंय व्हय?"

अडचण होती लेनाच्या मुलीची. आन्या इंग्लिश मीडियमला, घरात मराठी. लहानपणी येत होतं तेवढं रशियन पार विसरली. रशियातल्या आजीचा व्हिडिओ कॉल आला की ही पलंगाखाली! आजी बिचारी रिकाम्या पलंगाकडं बघत बसायची. म्हणून असं ठरलं की आजीनं गोष्टी रेकॉर्ड करून पाठवायच्या, आम्ही त्या इंग्रजीत करायच्या, पुढं त्यांचं पुस्तकही छापायचं, आन्यानं आधी वाचायच्या आणि मग आजीच्या तोंडून ऐकायच्या. जमलं तर आजीला नात परत मिळणार होती.

*

पहिल्याच गोष्टीला आपटलो. रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे म्हातारी. मी भराभर मराठीत सांगत होते, "एक होता म्हातारा आणि एक बाबा, त्यांना मूलबाळ नव्हतं." बाबाचं भाषांतर करायचं राहूनच गेलं. मॅडमनी इमानेइतबारे टाइप केलं, म्हातारा आणि त्याचे वडील. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "दोघंही बाप्येच. मग मूल नाही म्हणून रडतात कशाला?"

*

रशियन गोष्टीतला धाकटा भाऊ भोळा असतो, आळशी असतो आणि दिवसभर चुलीवर झोपतो. आम्ही सरळ 'स्टोव्ह'वर झोपवला. लेनाच्या सासूबाई त्या दिवशी सास्तूरहून आल्या होत्या, कोपऱ्यात शेंगा फोडत होत्या.

"चुलीवर? पोळत न्हाय त्याला?"

लेनानं चित्र काढून दाखवलं. तिकडची चूल विटांची, खोलीएवढी, वर झोपायला ऊबदार जागा. सासूबाईंनी चित्र नीट पाहिलं.

"ते समदं ठीक हाय. पर भाकरी टाकायच्या वक्ताला ह्या गड्याला उठवतंय कोण?"

*

'खूप दूर' म्हणायला रशियन गोष्टीत तीन नवांचं राज्य असतं. नऊ त्रिक सत्ताविसावं! मॅडमना इंग्रजीत नुसतं 'फार फार दूर' हवं होतं. लेना ऐकेना. आकडा राहिलाच पाहिजे, तिची आई तो आकडा लांबवून लांबवून म्हणते. वाद वाढला.

मॅडम म्हणाल्या, "अगं, पण हे सत्ताविसावं राज्य नेमकं आहे तरी कुठं?"

लेना म्हणाली, "सास्तूर. माझी आई समद्यांला तसंच सांगती."

आकडा ठेवला.

*

मग उलटी गंगा. आन्याचा दात पडला आणि तिनं आजीसाठी इंग्रजीत गोष्ट लिहिली. उशीखालचा दात नेणारी परी वगैरे. मी ती रशियनमध्ये केली. आजीचा निरोप आला, गोष्ट छान आहे, पण आमच्याकडं दात उंदीर नेतो.

सासूबाई एकदम खूश! "आमच्याकडंबी उंदीरच की! मग ही परी कुठली मधीच घुसली?"

*

तिकडं गोष्ट संपवायची रीत अशी की सांगणारा म्हणतो, त्या लग्नाला मीही होतो, मधाची दारू प्यायलो, ती मिशांवरून ओघळली, तोंडात थेंब गेला नाही. मॅडम हटून बसल्या. "पोरांच्या पुस्तकात दारू? मी सरबत लिहिणार!" सरबतावर तडजोड झाली. पण मॅडमची शंका संपेना.

"सांगते आजी, मग मिशा कुणाच्या?"

लेनानं थोडा विचार केला. "आईला हायत की. थोड्या."

*

खरंच सांगते, या बायकांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मार्कलिस्टांत शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र लिहिता लिहिता मी ही भाषा कशासाठी शिकले तेच विसरून गेले होते. ते त्यांनी मला परत दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत लेनानं आम्हाला सास्तूरला जेवायला बोलावलं. पुरणपोळी झाली आणि आजीचा कॉल आला. आन्या पळाली नाही! सासूबाईंशेजारी बाजेवर बसली, समोर तांब्याला टेकवून फोन. आजीनं गोष्ट सुरू केली. आन्यानं ती इंग्रजीत वाचलेली, त्यामुळं डोळे मोठे करून ऐकत होती, पण तोंडातून अक्षर नाही. आजी घाबरून थांबली. "ऐकू येतंय ना?"

सासूबाईंनी नातीला कोपरानं ढोसलं. "अगं, हूं म्हण की! हूं म्हणल्याबिगर गोष्ट फुडं सरकत न्हाय."

"हूं," आन्या म्हणाली.

मी आजीला रशियनमध्ये आमची ही पद्धत समजावली. तिला ती इतकी आवडली की प्रत्येक वाक्यानंतर थांबून वाट बघायला लागली. एक वाक्य, एक हूं. एक वाक्य, एक हूं. मॅडम डोळे पुसत होत्या आणि पुरणाला दोष देत होत्या.

पुरणानं आन्याचं काम मात्र केलं. राजपुत्र वेशीपाशी पोचला आणि ही सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपली. पडद्यावर आजीलाही ते दिसलं. ती हसली आणि तिनं गोष्ट थांबवली. लेनानं कॉल बंद करायला हात पुढं केला.

सासूबाईंनी तो हात बाजूला सारला. फोन तोंडाजवळ घेतला. रशियनचं एक अक्षर येत नाही त्यांना. पडद्यावरच्या विहीणबाईंकडं बघून म्हणाल्या, "हूं."