हाताने सरकवलेला स्वर

दोन वर्षं मी एका म्हाताऱ्या माणसाला दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता फसवत होतो. घरातही कुणाला बोललो नव्हतो. आता लिहून टाकतो.

काका माझ्या नात्यातले नाहीत. तारखात्यातून निवृत्त झालेले. मला तारेची कट्टकड्ड भाषा, मोर्स, त्यांनी शिकवली, हौशी रेडिओच्या परीक्षेला त्यांनीच बसवलं. त्यांची इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा ते खडकवासल्याच्या रस्त्यावर एका मोठ्या सोसायटीत राहायला गेले. तिथे गच्चीवर एरियल लावायची परवानगी मिळेना. मग स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर त्यांनी शनिवार पेठेत माझ्याकडे आणून ठेवला.

"सांभाळ म्हणत नाही, वापर," म्हणाले. "गुरुवारी तुझ्या कारखान्याला सुट्टी. नऊला लाव. मी बाल्कनीत तार टाकून माझ्या रिसीव्हरवर ऐकतो."

तो सेट उचलायला दोन माणसं लागायची. लावला की व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसतं बसायचं, तापलेल्या धुळीचा वास घेत. मग चकती फिरवत काट्यावर नजर ठेवायची. काटा तळाला गेला की जमलं. शेजारी माझा बाजारातून घेतलेला नवा सेट. जेवणाच्या डब्याएवढा, बॅटरीवर चालणारा, बटण दाबलं की तयार, स्वर जागचा हलत नाही. खरं सांगायचं तर मला तोच आवडायचा. जुन्याचं कौतुक मी काकांसमोर करायचो, कारण ते ऐकून काका माझं कौतुक करायचे.

तिसऱ्या महिन्यात गच्चीच्या दुरुस्तीसाठी एरियलची वायर काढून ठेवली होती. ती परत न जोडताच मी सेट लावला आणि मोर्सची की दाबली. असं कधी करू नकोस, एवढी एकच गोष्ट काकांनी बजावली होती. व्हॉल्व्ह लालभडक झाला, ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला, घरभर डांबराचा वास. पावणेनऊ वाजले होते. फोन उचलला, ठेवला. वायर नव्या सेटला जोडली आणि नऊला हजर झालो.

पण व्हॉल्व्हच्या सेटचा स्वर तापताना थोडा थोडा खाली सरकतो, आणि ते काकांच्या कानातून सुटणार नव्हतं. म्हणून उजव्या हाताने की वाजवत डाव्या हाताने मी नव्या सेटचं बटण दहा मिनिटं केसाकेसाने खाली फिरवत राहिलो.

नंतर काकांचा फोन. "आज छान तापला रे. शेवटी कसा स्थिर झाला!"

"हो ना," मी म्हणालो.

ते 'हो ना' मग दर आठवड्याला म्हणत गेलो. पुढे पुढे थंडीत जास्त सरकवायचो, उन्हाळ्यात कमी. या कसबाचा मला थोडा अभिमानही वाटायला लागला होता. ते लिहायची सगळ्यात जास्त लाज वाटते.

या वर्षी काकांचा एक कान गेला. दुसराही फार टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. फोनवर काका म्हणाले, "आहे तोवर माझा सेट ऐकून घेतो." त्या दिवशी 'हो ना' तोंडातून निघालं नाही. जळका ट्रान्सफॉर्मर पिशवीत घातला आणि गेलो.

दार काकूंनी उघडलं. "अहो, आलाय बघा. आणि एवढं जड काय? अख्खी मंडई उचललीस का?"

काकांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन हुंगला. "कधी?"

"दोन वर्षं झाली. एरियल जोडलं नव्हतं."

"मग मी ऐकतो ते काय?"

"नवा सेट. स्वर मी हाताने सरकवायचो."

काकांनी ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवला. म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यात एका गुरुवारी तुमच्या पेठेत सकाळपासून वीज बंद होती. पेपरात आलं होतं. तू नऊला हजर. म्हटलं, माझा सेट आता नुसत्या भक्तीवर चालतो वाटतं."

"मग बोलला का नाहीत?"

"चोरी तू करणार आणि बोभाटा मी करायचा?"

"चहा टाकू का?" काकूंनी विचारलं.

"त्याला नको. त्याला तार आणायला जायचंय."

पंपाच्या जळक्या मोटारींची तार नव्याने गुंडाळणाऱ्या एकाला मी ओळखत होतो. तो ट्रान्सफॉर्मरही एका दिवसात गुंडाळून देईल, असं मी सुचवलं. काका म्हणाले, "तो देईल. पण जाळला तू आहेस. इथे बसून हाताने गुंडाळ. मोठ्याने मोज."

व्हॉल्व्ह एक त्यांच्याकडे जपून ठेवलेला आहे. राहिला ट्रान्सफॉर्मर. त्याचे हजाराच्या वर वेढे, केसासारखी तार, प्रत्येक थर भरला की वर कागद, कागदावर तिथवरचा आकडा. आता गुरुवारी मी तिकडेच असतो. मी मोजतो, काका चांगला कान माझ्याकडे करून बसतात आणि शंभर झाले की वहीत एक रेघ ओढतात. त्यांचा कान आधी जातो की माझे वेढे आधी पुरे होतात, कोण जाणे. पण पुरे करणार.

गेल्या गुरुवारी सहाशेच्या पुढे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि माझा आकडा हुकला. तरी तोंडाने मी मोजतच होतो. काकांची मान डोलत होती.

हात थांबवला. "काका, चुकलो."

"मला नाही कळलं."

"मला कळलं."

"मग उलगड."

शेवटच्या कागदापर्यंत सगळी तार उलगडली. कागदावर पाचशे चौऱ्याऐंशी लिहिलेलं होतं. खुर्ची त्यांच्या कानाजवळ ओढली आणि जरा मोठ्याने म्हणालो, "पाचशे पंच्याऐंशी."