दोन विटांत बसवलेला कॅमेरा

सन २०२३, माझं वय बहात्तर. शाळा तिसरीपस्तोर. नात म्हणली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." मी म्हणलो, न्हाई, माझी गोष्ट मीच लिहिणार. तवा अक्षराला हसू नका.

आम्ही धनगर, जाफराबाद तालुक्यातले. मसणवट्याशेजारी कळप बसवून झोपलो, पन भूत-बीत कवा दिसलं न्हाई अन् मी मानलंबी न्हाई… आजबी मानत न्हाई. झालं ते सांगतो.

नात सुनंदा कॉलेजात सिनेमा शिकते. परीक्षेला पाच मिनिटांची भुताची फिल्म करायची होती. भूत कोन? मीच! म्हातारा मेंढरं घेऊन घरातून निघतो अन् फाटकापाशी मागं वळून बघतो…

"वरून काढला की माणूस बारका दिसतो, खालून काढला की मोठा," ती म्हणली.

"मंग मला खालूनच काढ."

हसली. उंबऱ्याच्या आत जमिनीवर दोन विटा मांडून त्यात कॅमेरा गच्च बसवला. विटांभवती खडूनं रेघ मारली — पुन्हा शॉट घ्यायचा तर जागा बराबर सापडावी म्हणून. अंगणातल्या लिंबापस्तोर मी दिसणार, पुढं फ्रेमच्या बाहेर जाणार. फाटकाजवळचा शॉट ती हातातल्या मोबाईलवर घेणार होती.

ती उंबऱ्याची जागा माझ्या बायकोची, सुभद्राची. लकव्यानं अंग गेलं, वाचा गेली; दोन वर्षं तिथंच पोत्यावर बसून राह्याची.

दुपारचे चार. सुनंदा फाटकापाशी, घर रिकामं. मी कळप घेऊन निघालो अन् सरळ तिच्यासमोरून पुढं गेलो.

"आजोबा, वळा ना!"

"कळप घेऊन निघालेला मानूस मागं बघत न्हाई. बापाची शिस्त हाय."

"अहो, फिल्म आहे ही! त्या एका शॉटवर सगळं आहे. उद्या निघायचंय मला."

"मेंढरांला काय ठाव, फिल्म हाय का खरं."

रुसली. लॅपटॉप घेऊन बसली. थोड्या वेळानं हळूच म्हणली, "आजोबा, इकडं या."

लिंबापाशी मी फ्रेमच्या बाहेर जायला पाह्यजे होतो. गेलो न्हाई. चित्र माझ्यासंगं वळत होतं… हळूहळू, लिंबाच्या पुढं, पार फाटकापस्तोर. शेवटी जरा कललं — बसलेलं मानूस मान काढून बघतं तसं. मी दिसेनासा झालो तरी ते फाटकावरच थांबलं.

"कॅमेऱ्यामागं कोन होतं?" मी इचारलं.

"कोणी नाही. मी तुमच्यासमोरच होते की."

जाऊन बघितलं. विटा खडूच्या रेघेच्या आतच. नंतर तिनं कॉलेजातल्या सरांला दाखवलं, त्यांलाबी सांगता आलं न्हाई. मला तर बिलकुल न्हाई.

सुभद्रा गेली त्या सकाळीबी मी असाच निघाल्तो. संध्याकाळी आलो तर अंग थंड, तोंड फाटकाकडं. शेजारीण म्हणली, "रोज तुमच्या पाठीकडं बघत राह्याची हो भाऊजी, वळाल म्हणून." मी म्हणलो, "मेंढरं मोजत आसंल." पन तवापासून एकच गोष्ट आत खाती… त्या दिवशी तिला काही सांगायचं होतं का? वाचा न्हाई, हाक कशी मारनार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं सोडली. फाटकापाशी थांबलो. मागची मेंढरं पायावर आदळली. मी वळलो.

सुनंदा अंगणातून वरडली, "आजोबा, थांबा, तसेच थांबा! कॅमेरा आणते!"

"तुझ्यासाठी न्हाई गं," म्हणलो. अन् रिकाम्या उंबऱ्याकडं बघून म्हणलो, "येतो मी."