मामाची चाल

मामाचा डावा पाय तलवारबाजी करताना रंगमंचावरून पडून निकामी झाला, असं नाट्यगृहाचा रखवालदार छाती फुगवून सांगतो. साफ थाप! मामा दोन वर्षांचा असतानाच तो पाय पोलिओने गेला. तीस वर्षं नाटक-सिनेमात घासूनही मामाच्या वाट्याला आले फक्त भिकारी, आणि एकदा प्रेत.

"प्रेत बरं," मामा म्हणायचा, "लंगडावं लागत नाही."

मग एका सिनेमासाठी लंगडा पोस्टमन हवा होता, आणि तोच नायक. मामाने गुळगुळीत दाढी केली, कुबडीला नवं रबर बसवलं.

"मामा, या वेळी तूच!" मी म्हटलं.

"नाही घेणार गं. लाव पैज."

मी हरले तर त्याच्या चालीची नक्कल कायमची बंद. घरादाराला हसवून लोळवणारी माझी हुकमी नक्कल होती ती. तरी लावली.

संध्याकाळी मामा आला, कुबडी भिंतीला टेकवून खाली बसला.

"मिळालं काम."

मी टुणकन उडाले.

"थांब. हिरोला लंगडायला शिकवायचंय."

दोन महिने त्याने शिकवलं, अगदी जीव ओतून. मी शब्द पाळला. आता मामाची चाल तो हिरो चालतो, आणि थिएटरात टाळ्या पडतात.