एका मुठीत मावणारा कॅमेरा

धरमपेठेतल्या दुकानदाराने मला दोनदा अडवलं. "भाऊ, हा नका घेऊ. लग्नात लोक कॅमेऱ्याचा आकार पाहून फोटोग्राफर ठरवतात." बोलणं खरं होतं, पण मला लग्नं शूट करायची नव्हती. मी पारशिवनीकडच्या एका मावशींवर फिल्म करत होतो. त्या उलट्या मडक्यावर लांब पोळी भाजतात. पहिल्या खेपेला मी भाड्याचा मोठा कॅमेरा बाहेर काढला, तशा त्या पोळी अर्धवट सोडून आत गेल्या. नवं लुगडं नेसून आल्या आणि मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या. आमच्याकडे फोटो असाच काढतात. फिल्म तिथेच आटोपली.

म्हणून मी व्हिडिओ आणि फोटो, दोन्ही नीट काढणारा हा छोटा कॅमेरा घेतला. आत पंखा असलेलाच घेतला, कारण इथल्या उन्हात बाकीचे तापून बंद पडतात.

दुसऱ्या खेपेला तासभर मावशी हातांवर पोळी लांबवत होत्या, सुनेला बोलत होत्या, धुराने डोळ्यांत आलेलं पाणी पदराने पुसत होत्या. सगळं मिळालं. मग त्यांनी विचारलं, "काहून गा, कॅमेरा नाही आणला?"

मी हातातला दाखवला.

"मंग सांगाचं नाही का मले?" म्हणत त्या आत गेल्या आणि लुगडं बदलून ताठ बसल्या. त्याच कॅमेऱ्याने मी फोटो काढला.

फिल्म त्यांनी पाहिली, ठीक आहे म्हणाल्या. फोटो मात्र भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला सांगतात, फोटोवाला दोनदा आला, तेव्हा कुठे एक फोटो निघाला.